बंधुत्वाला अपवाद नसावा

स्काऊट हा सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटचा बंधू असतो, असा स्काऊट चळवळीचा एक नियम आहे. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही गावी शाळेच्या पटांगणावर गळ्यात स्कार्फ बांधून ओळीत उभी राहणारी मुले तो तोंडपाठ म्हणतात. या नियमातील सर्वांत अवघड शब्द ‘बंधू’ हा नव्हे, ‘प्रत्येक’ हा आहे. पथकातील एखाद्या मुलाला चौदाव्या-पंधराव्या वर्षी उमगते की, आपल्या मनाची ओढ मुलींकडे नसून मुलांकडे आहे. गाईड पथकातील एखाद्या मुलीला हेच आपल्या मैत्रिणीविषयी उमगते. या मुलांना तो नियम लागू आहे काय? समलिंगी मुलामुलींना बालक-युवक संघटनांत निर्भयपणे वावरता येईल काय, हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता किंवा परदेशापुरता राहिलेला नाही.

या चळवळीचा भारतातील इतिहास बहिष्कारापासूनच सुरू होतो, हे येथे आठवले पाहिजे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर पहिले शिबिर भरविले आणि १९०९ च्या सुमारास चळवळ भारतात पोहोचली. पण ती पोहोचली गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना पथकाची दारे बंद होती. भारतीय मुलगा स्काऊटचे व्रत पाळू शकणार नाही आणि त्याच्या हाती शिस्तबद्ध संघटना देणे धोक्याचे आहे, अशी राज्यकर्त्यांची धारणा होती. तिला उत्तर म्हणून अॅनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली. त्यानंतर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या वतीने अलाहाबादेत हे कार्य उभे केले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स’ संस्था जन्मास आली आणि पुढील वर्षी गाईड शाखाही तीत सामील झाली. ‘हा आपल्यातला नव्हे’ असे ज्यांना एकदा सांगितले गेले त्यांनीच ही संस्था घडविली. तेच वाक्य तिच्या छायेत दुसऱ्या कोणा मुलाला ऐकावे लागणे, ही त्या वारशाशी प्रतारणा होय.

समलिंगी सभासदांच्या प्रश्नावर सर्वांत दीर्घ संघर्ष अमेरिकेत झाला. तेथील बॉय स्काऊट्स संस्थेने १९९० साली न्यू जर्सीतील जेम्स डेल या तरुण साहाय्यक पथकनायकाला, तो समलिंगी असल्याचे वृत्तपत्रातून कळताच, काढून टाकले. तो संस्थेचा सर्वोच्च ‘ईगल स्काऊट’ बहुमान मिळविलेला होता. त्याच्या कामाविषयी तक्रार नव्हती, तक्रार त्याच्या असण्याविषयी होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, परंतु २८ जून २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी संस्थेचा बहिष्काराचा अधिकार मान्य केला. खटला संस्थेने जिंकला, पण वाद संपला नाही. २०१३ साली संस्थेच्याच प्रतिनिधींनी बहुमताने समलिंगी मुलांवरील बंदी उठविली, १ जानेवारी २०१४ पासून तो निर्णय अमलात आला आणि जुलै २०१५ मध्ये प्रौढ कार्यकर्त्यांवरील सरसकट बंदीही गेली. न्यायालयाने जे करावयास भाग पाडले नाही ते सभासदांच्या विवेकाने केले, हा या प्रकरणातील घेण्याजोगा धडा आहे.

अशी जाहीर बंदी आपल्याकडे कोणी घातलेली नाही, मग प्रश्न कोठे आला, असे विचारले जाईल. मराठवाड्याच्या समाजजीवनाशी ज्याचा परिचय आहे त्याला हा युक्तिवाद फसवा आहे हे कळावयास वेळ लागू नये. गावच्या विहिरीवर ‘दलितांना मज्जाव’ अशी पाटी लावलेली नसे. तरीही घागर घेऊन आलेल्या बाईला आपण कोठे थांबावयाचे हे ठाऊक असे. पाटी नसलेला बहिष्कार अधिक टिकाऊ असतो, कारण तो कोणाला मोडावा लागत नाही आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडेच नसते. शिबिरात एखाद्या मुलाच्या चालण्यावरून ‘बायल्या’ ही हाक पडते. शेकोटीच्या कार्यक्रमात त्याच्याच नकलेवर सर्वांत मोठा हशा पिकतो. रात्री तंबूत त्याच्या शेजारी झोपावयास कोणी तयार होत नाही आणि शिक्षक हे पोरांचे खेळ म्हणून सोडून देतात. पुढच्या वर्षी तो मुलगा नाव नोंदवीत नाही. दप्तरी एवढीच नोंद राहते की, विद्यार्थ्याने स्वेच्छेने पथक सोडले.

मोठ्या शहरात अशा तरुणाला निदान जावयास एखादी जागा आहे. मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ पासून आणि पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ २००२ पासून काम करीत आहे. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील मुलाने काय करावे? रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसचा प्रवास करून मुंबई गाठावी, तर त्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत आणि घरी सांगावयास कारण नाही. ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि जो आजीजवळ राहून शाळा शिकतो, त्याच्यासाठी शाळेचे पथक किंवा सेवादलाची शाखा हीच घराबाहेरची एकमेव जागा असते. तेथूनही तो हुसकला गेला तर त्याला जगात दुसरी जागा उरत नाही. दुष्काळ, कापसाचा भाव आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या असताना हा श्रीमंतांचा प्रश्न कशाला, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी या मुलाचा विचार करावा. पैसेवाल्याचा मुलगा शहर बदलू शकतो. गरिबाच्या मुलाला आहे त्याच पटांगणावर माणूस म्हणून उभे राहता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा आहे. तो टाळण्यासारखा नाही, कारण आपले मूल शिबिराला पाठविणाऱ्या आईची काळजी खरी असते. परंतु समलिंगी असणे आणि मुलांवर अत्याचार करणे या दोन गोष्टी एक मानणे हे अज्ञान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले आणि भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली तो आजार नसल्याचे जाहीर केले. अमेरिकेचा अनुभव याहूनही बोलका आहे. ज्या संस्थेने समलिंगींना वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले, तिला बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि त्या प्रक्रियेत तिच्यावर ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. बहिष्काराने एकाही मुलाचे रक्षण झाले नाही. अत्याचारी माणूस आपली ओळख सांगून येत नाही; तो मौनाच्या आडोशाने येतो. जेथे लैंगिकतेविषयी बोलणेच लाजिरवाणे मानले जाते, तेथे पीडित मुलालाही तोंड उघडता येत नाही. भारतातील २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही आणि गुन्ह्याची माहिती पोलिसांना देण्याचे बंधन घालतो. त्याची कठोर अंमलबजावणी हवी, ती प्रत्येक प्रौढाच्या बाबतीत हवी. संशयाची सारी सुई एका समूहावर रोखून उरलेल्यांना मोकळे सोडणे ही सुरक्षितता नव्हे.

तिसरा आक्षेप असा की, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली खटला झाला. त्या शंकांत समलैंगिकतेविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, पण ज्ञानाला अश्लील ठरवू नये हे तत्त्व महाराष्ट्रात तेव्हाच उच्चारले गेले. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, तेही याच भूमीत. खूळ परदेशातून आलेच असेल तर ते दंडविधानाच्या कलम ३७७ च्या रूपाने, इंग्रजांनी १८६० साली आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने प्रौढांच्या परस्पर संमतीच्या संबंधांपुरते ते कलम घटनाबाह्य ठरविले. लैंगिक कलावरून भेदभाव करणे हा संविधानाच्या १५ व्या कलमाचा भंग होय, असेही त्या निकालात सांगितले गेले. बहुसंख्यांच्या नीतिकल्पनेहून संविधानाची नीती श्रेष्ठ, हा त्या निकालाचा पाया होता आणि तो विचार बाबासाहेबांचा होता. संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली म्हणून जे परभणी शहर रस्त्यावर उतरले, ज्याच्या एका तरुणाने त्यानंतर कोठडीत प्राण गमावले, त्या शहराला संविधानाचे मोल नव्याने सांगावयास नको. मात्र संविधान पुतळ्याजवळच्या काचेच्या पेटीत जसे जपावयाचे, तसेच ते शाळेच्या पटांगणावरही जपावे लागते.

समाजवाद्यांच्या दृष्टीने तर हा उसना विषय नाहीच. डॉ. राममनोहर लोहियांच्या सप्तक्रांतीत व्यक्तीच्या खाजगी जीवनातील अन्याय्य हस्तक्षेपाविरुद्धची क्रांती समाविष्ट आहे. सभांतून सात क्रांत्यांची नावे घेतली गेली. या एका क्रांतीचा अर्थ मात्र फारसा उलगडला गेला नाही. राष्ट्र सेवा दलाची १९४१ साली पुनर्रचना झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हा सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींनी एकत्र खेळावे हीच गोष्ट पुष्कळांना अनाचार वाटली होती. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हाही ‘समाज अजून तयार नाही’ असेच सांगण्यात आले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ च्या जुलैत झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे याच एका सबबीवर गेली, आणि त्या सबबीची किंमत दलित वस्त्यांनी जळालेल्या घरांनी मोजली. समाज आपोआप तयार होत नसतो, त्याला तयार करणे हेच तर कार्यकर्त्याचे काम. या प्रश्नावर समाजवादी चळवळीनेही दीर्घकाळ मौन पाळले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

सरकारकडून मोठी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. पारलिंगी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे याविषयी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका २०२१ साली प्रसिद्ध होताच आक्षेप आले आणि ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. त्याच वर्षी एका पारलिंगी विद्यार्थिनीला राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींच्या विभागात प्रवेश मिळावा, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने दिला, तर केंद्राने त्याविरुद्ध अपील केले. म्हणून आरंभ खालून व्हावयास हवा, आणि तो फार खर्चाचा नाही. पथकनायकांच्या आणि शाखानायकांच्या प्रशिक्षणात या विषयावर जाणकाराचे एक सत्र असावे. कोणाही मुलाला त्याच्या लैंगिक कलावरून काढले जाणार नाही व हिणविले जाणार नाही, हे शिबिराच्या नियमांत स्पष्ट लिहावे. शेकोटीवरील तसल्या नकला बंद व्हाव्यात. कोणत्याही प्रौढाने एकट्याने एका मुलासोबत आडोशाला राहू नये, हा नियम सर्वांना सारखा लागू करावा. एखाद्या मुलाने विश्वासाने आपले मन उघडे केले तर ती गोष्ट चावडीवर नेऊ नये आणि त्याच्या इच्छेविरुद्ध घरीही पोहोचवू नये. अत्याचाराची माहिती दडविणे हा गुन्हा आहे; मुलाचे मन कोणाकडे ओढ घेते ही मात्र कोणाकडे फिर्याद करावयाची बाब नव्हे.

हे सर्व प्रथम पक्षाच्या स्वतःच्या युवक शिबिरांत झाले पाहिजे, तरच शाळांना सांगण्याचा अधिकार प्राप्त होईल. काही पालक मुलांना काढून घेतील, हे गृहीत धरावे. सेवादलाच्या शाखांतूनही एके काळी मुली काढून घेतल्या गेल्या, आणि पुढे त्याच घरांतील नाती शाखेवर आल्या. गंगाखेडच्या जनाबाईला दासी म्हणून दळण-कांडणातच जन्म काढावा लागला, पण वारकऱ्यांच्या मेळ्याने तिला आपली म्हटले आणि म्हणूनच सातशे वर्षांनंतरही तिचे नाव या जिल्ह्याची ओळख आहे. पथकाच्या ओळीत मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाला दया नको आहे, वेगळी रांगही नको आहे. रोज म्हटल्या जाणाऱ्या नियमातील ‘प्रत्येक’ या शब्दात आपण आहोत, एवढी खात्री त्याला हवी आहे. ती देणे पटांगणावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या हाती आहे.