दिशाहीन पावलांचा हिशेब

एका सरळ रस्त्यावर एक मनुष्य उभा आहे. प्रत्येक पावलापूर्वी तो नाणे उडवतो. छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक पाऊल मागे. शंभर पावलांनंतर तो कोठे असेल? पुढची-मागची पावले एकमेकांना खोडून टाकतील व तो मूळ जागीच सापडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. गणित निराळे सांगते. तो साधारणतः पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका दूर भरकटतो : १०० पावलांत सुमारे १०, तर १०,००० पावलांत सुमारे १००. या चालीस ‘यादृच्छिक भ्रमण’ म्हणतात.

इंग्रज गणितज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या नावाने प्रश्न मांडला. त्याच वर्षी आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पाण्यातील सूक्ष्म कणांच्या अखंड थरथरीचा उलगडा याच नियमाने केला. पुढे झाँ पेराँ यांच्या मोजमापांनी तो खरा ठरला आणि अणूंच्या अस्तित्वाविषयीची शंका मावळली. मात्र त्याही आधी, १९०० मध्ये, हे गणित बाजारात अवतरले होते. लुई बाशेलिए यांनी पॅरिसच्या शेअरबाजारातील सट्ट्यावर प्रबंध लिहिला. भाव किती हलू शकेल याची व्याप्ती काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, असे त्यांनी दाखवले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अर्धशतकानंतर अर्थशास्त्रज्ञांनी तो प्रबंध पुन्हा उघडला.

व्यापाऱ्याने जाणून घ्यावा असा या गणिताचा भाग मात्र याहून जुना आहे. दोघे जण एकेक रुपया लावून नाणे उडवतात. एकाजवळ १० रुपये, दुसऱ्याजवळ ९९०. नाणे निर्दोष, कोणाची लबाडी नाही. तरीही एकाची थैली रिकामी होईपर्यंत खेळ चालला, तर १०० पैकी ९९ वेळा लहान थैलीचाच धनी बुडतो. कारण एवढेच, की भरकटणाऱ्या पावलांना त्याचे शून्य जवळ सापडते. बाजाराची थैली तर अथांग. तिच्यासमोर समसमान खेळातही बुडणे अखेरीस अटळ ठरते.

मग व्यवहारात थोडी सरशी असेल तर? समजा, १०० पैकी ५१ व्यवहारांत लावलेली रक्कम दुप्पट होते, ४९ मध्ये ती बुडते. एका लाखाच्या भांडवलातून दर वेळी १०,००० लावणारा मनुष्य कधी ना कधी धुळीस मिळण्याची शक्यता तरीही सुमारे ६७ टक्के असते. तेच लाख रुपये, तोच व्यवहार, पण दर वेळी १,००० लावले, तर ही शक्यता २ टक्क्यांहूनही खाली येते.

याचे कारण वर्गमुळातच दडलेले आहे. भरकटणे वर्गमुळाने वाढते, सरशी मात्र व्यवहारांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणात १०० व्यवहारांनंतर सरशी केवळ २ डावांची, चढउतार १० डावांचा. नशीब कोणते व शहाणपण कोणते, हे ओळखताच येत नाही. १०,००० व्यवहारांनंतर सरशी २०० डावांची, चढउतार १०० चा. लहानसा नफा फळास येतो तो असा, दीर्घकाळाने. तोवर पेढीचे दार उघडे राहिले पाहिजे, आणि ते उघडे ठेवण्याचे काम गंगाजळी करते.