त्रेचाळीस मतें

“मामंजी, माझें एक मत पडलें नाहीं, तर असें काय मोठें बिघडणार आहे?”

मतदानाच्या दिवशीं सकाळीं आमच्या धाकट्या सूनबाईंनीं हा प्रश्न केला. त्यांत आळस नव्हता. घरांत बारा माणसांचा स्वयंपाक, त्यांतून धाकट्याच्या अंगांत ताप! अशा वेळीं नागरिकांच्या कर्तव्यावर प्रवचन झोडणें हें मास्तरकीचें जुनें दुखणें. तें आम्हीं आवरलें आणि त्यांना विलायतेंतील एका पोटनिवडणुकीची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लंडनच्या मध्यभागीं ‘वेस्टमिन्स्टर ॲबे’ नांवाचा एक मतदारसंघ होता. पार्लमेंटचें भवन आणि बकिंगहॅम राजवाडा त्यांतच. कॉव्हेंट गार्डनची भाजीमंडई, सोहोच्या गल्ल्या आणि नाटकगृहें हींही त्यांतच. तेथील सभासद निवर्तल्यामुळें १९ मार्च १९२४ रोजीं पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षानें दिवंगत सभासदांचे पुतणे ओथो निकल्सन यांस उभें केलें. त्यांच्या समोर स्वतंत्रपणें उभे राहिले विन्स्टन चर्चिल. १९२२ सालीं डंडी येथें व १९२३ सालीं लेस्टर येथें ते पराभूत झाले होते. उदारमतवादी पक्ष त्यांनीं सोडला होता, पण हुजूर पक्षांत रीतसर प्रवेश व्हावयाचा होता. त्याच वर्षीं जानेवारींत मजूर पक्षाचें पहिलें मंत्रिमंडळ आलें होतें. त्यास विरोध करण्यास आपणच समर्थ, असा चर्चिल यांचा दावा. त्यामुळें हुजूर पक्षांतच दोन तट पडले. मजूर पक्षाचे उमेदवार फेनर ब्रॉकवे हे कलकत्त्यास जन्मलेले, आणि पुढें आपल्या स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते. चौथे उमेदवार उदारमतवादी स्कॉट डकर्स. पहिल्या महायुद्धांत लष्करी सेवा नाकारल्याबद्दल या दोघांनींही कारावास भोगला होता.

प्रचार मोठ्या धामधुमीचा झाला. डेलीज नाट्यगृहांतील नर्तकींनीं रात्रभर जागून चर्चिल यांच्या पत्रकांच्या पाकिटांवर पत्ते लिहिले, असें त्यांनींच पुढें नमूद करून ठेविलें आहे.

मग मोजणी आली. शेवटचा गठ्ठा हातीं असतांना कोणी तरी चर्चिल यांस शंभर मतांनीं निवडून आल्याचें सांगितलें. जयघोष झाला, बाहेर ताटकळलेल्या जमावानें तो उचलला, देशोदेशीं तारा सुटल्या. आणि मिनिटाभरांत खरे आंकडे बाहेर आले: निकल्सन ८,१८७, चर्चिल ८,१४४, ब्रॉकवे ६,१५६, डकर्स २९१. एकंदर २२,७७८ मतांत अंतर अवघें ४३!

आम्ही गणित शिकविलेले. हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. निकल्सन यांच्या मतदारांपैकीं बावीस जणांनीं चर्चिल यांस मत दिलें असतें, तर निकाल फिरला असता. बावीस म्हणजे शाळेचा अर्धा वर्गही नव्हे.

परंतु आमचें लक्ष खिळतें तें त्या नर्तकींवर. नृत्यसमूहांतील मुली वयानें तरुणच असणार. तेथें स्त्रियांस मताधिकार मिळाला तो १९१८ सालीं, आणि तोही तीस वर्षें पुरीं झालेल्यांनाच, वर कांहीं अटींसह. पुरुषांच्या बरोबरीनें एकविसाव्या वर्षीं मत देण्याचा हक्क त्यांस १९२८ सालीं लाभला. म्हणजे रात्र जागविणाऱ्या त्या मुलींपैकीं बहुतेकींस दुसऱ्या कोणाचें मत मागण्याची मुभा होती. स्वतःचें द्यावयाची नव्हती.

एका मतानें इतिहास बदलतो, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत चर्चिल एपिंग येथून निवडून आले आणि अर्थमंत्रीही झाले. उलट १८९२ सालीं लंडनच्याच सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांत आपले दादाभाई नौरोजी अवघ्या पांच मतांनीं जिंकले, आणि हिंदुस्थानचें दुःख त्या सभागृहांत बोलूं लागलें. कोणतें मत कोठें फळेल, हें देतांना कोणासच कळत नाहीं. कळतें तें इतकेंच, कीं मोजणीच्या मेजावर मुत्सद्द्याचें आणि हमालाचें मत एकाच वजनाचें असतें; आणि न दिलेल्या मतास वजनच नसतें.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत सर्व प्रौढ स्त्रियांस पुरुषांइतकाच हक्क मिळाला. त्यासाठीं आमच्या घरांतील कोणास रात्र जागावी लागली नाहीं. फुकट मिळालेल्या वस्तूचें मोल कळत नाहीं, म्हणतात तें खोटें नव्हे.

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. दुपारीं मुलाचा ताप उतरला, तेव्हां त्याला आमच्या स्वाधीन करून त्या बाहेर पडल्या आणि तासाभरानें बोटावर शाई घेऊन परतल्या. मत कोणास दिलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.