लावंच लाव!

तीन वर्षांपूर्वी आदिलाबादेत आमचे घर बांधून झाले. अंगणात हिरवळ हवीच, असा हट्ट मी धरला. लॉनच्या चटया आणून अंथरल्या. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, बोअरचे पाणी घरालाच पुरेना आणि हिरवळीचा पार पापड झाला. मग पहिल्याच जोरदार पावसात कुंपणाजवळच्या उतारावरची काळी माती वाहून शेजाऱ्यांच्या दारात गेली. शेजारीण काही बोलल्या नाहीत. पण खराट्याने चिखल लोटताना त्या दिसल्या, की मला बाहेर पडायला संकोच वाटे.

आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, बिदरकडच्या. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, पण बोलणे अगदी मोजके. त्या दिवशी मात्र उताराकडे बघत म्हणाल्या, "लावंच लाव."

"अव्वा, लावच म्हणता, पण लावू काय?"

कितीतरी दिवसांनी त्या खळखळून हसल्या. कन्नडमधले लावंच म्हणजे आपला वाळा! इथल्या तेलुगूत वट्टिवेरू.

वाळा म्हटले की आपल्याला माठातली जुडी नि कूलरच्या ताट्या आठवतात. पण हे मूळचे गवतच, गवती चहासारखे ठोंब धरणारे, दिसायलाही देखणे. याची मुळे फारशी आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. त्यामुळे ओळीने लावले, की पाणी गाळून पुढे जाते आणि माती मागे राहते. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा लावत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ या तज्ज्ञांनी माती अडवण्यासाठी याच गवताचा पुरस्कार केला.

नणंदेने बिदरहून ओल्या गोणपाटात ठोंब पाठवले. पाती वीतभर ठेवून छाटली, दोन-तीन फुटव्यांचा एक असे ठोंब सुटे केले आणि उताराला आडवी ओळ धरून चार-चार बोटांच्या अंतरावर लावले. लावणी पावसाळ्याच्या तोंडावरच करावी. पहिले वर्ष पाण्याकडे लक्ष द्यावे. पुढे वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याखाली कापले, की ठोंब दाट होतो. दक्षिणेकडची लागवडीची जात घ्यावी. तिचे बी रुजत नाही, त्यामुळे गवत भलतीकडे माजत नाही.

दुसऱ्या पावसात माती जागची हलली नाही. पण उन्हाळ्यात अव्वा खुरपे घेऊन ओळीशी बसल्या. माठासाठी मुळे हवी होती. मी घाईने म्हटले, "नको हो अव्वा, मुळे काढली तर बांधच जाईल!" त्यांनी खुरपे खाली ठेवले आणि दोन दिवस पुन्हा मुक्या झाल्या. बोलले ते खरे होते, पण माझे मलाच खात राहिले. आपल्या माहेरचा वास मागणाऱ्या माणसाला मी मातीचे गणित ऐकवले होते.

तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्यांत वाळू आणि शेणखत भरून त्यांच्यापुढे ठेवले. अव्वांनी आपल्या हाताने ठोंब लावले. मुळे भरायला दीड वर्ष तरी लागते.

परवा गोणी फाडली. अव्वांनी मुळे धुऊन सावलीत वाळवली, सुतळीने जुड्या बांधल्या. पहिली जुडी आमच्या माठात नाही गेली. ती घेऊन अव्वा स्वतः शेजारणीकडे गेल्या आणि तासभर परतल्याच नाहीत.