छत्तीसगडमधील मद्यपान : तीन आकडे, तीन मापे

रायपूरच्या सदर बाजारातील एका पेढीवर दहा ग्रॅम भरलेले सोने शेजारच्या पेढीवरही दहा ग्रॅमच भरते. मद्यपानाच्या मोजणीला असा सामाईक काटा नाही, याचा प्रत्यय छत्तीसगडचे आकडे पाहताना येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये राज्यातील ५२.७ टक्के पुरुष मद्यपान करीत होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३४.८ टक्के नोंदले गेले. ही घट मानण्याचा मोह आवरायला हवा. पहिला आकडा १५ ते ४९ वयाच्या, स्वतः मुलाखत दिलेल्या पुरुषांचा आहे. दुसऱ्यात १५ वर्षांवरील सर्व पुरुष येतात आणि त्यांच्याविषयीची माहिती घरातील एखाद्या सदस्याने दिलेली असते. बापाच्या किंवा भावाच्या पिण्याबद्दल घरातले माणूस परक्यापुढे कितपत बोलेल? दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर महिला व मुले धरून, १० ते ७५ वयोगटात, हे प्रमाण ३५.६ टक्के होते.

अशा विसंगत नोंदी जुळविता येतात. ब्रिटनमध्ये २०१५ साली नऊ दीर्घकालीन अभ्यासांतील सुमारे ५९ हजार व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. निरनिराळ्या प्रश्नावल्यांतील उत्तरे आधी आठवड्याला किती एकक मद्य, या एकाच मापात बसविली गेली; एक एकक म्हणजे आठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पुरुषांचे पिणे पंचविशीच्या सुमारास, आठवड्याला सुमारे वीस एककांवर, शिखर गाठते, असे त्यातून दिसले. वाढत्या वयाबरोबर प्रमाण कमी होते. पण उतारवयातील पुरुषांत रोज किंवा जवळजवळ रोज पिणारे अधिक आढळले.

त्यामागची अट मात्र कठोर आहे : त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा विचारणे. आपली मोठी सर्वेक्षणे दर फेरीत नवी माणसे निवडतात. मुंबईत १९९० च्या दशकात सुमारे दीड लाख लोकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा झाला. त्यात मद्यपी पुरुषांमध्ये मृत्युदर अधिक आढळला. पण ते एक महानगर आहे. बस्तरमध्ये घरी गाळलेल्या मोहाच्या दारूची बाटलीवर छापलेली तीव्रता नसते, मग तिची एकके मोजायची कशी?

२०१७ पासून छत्तीसगडमध्ये दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसने दारूबंदीचे आश्वासन दिले. पाच वर्षांच्या सत्ताकाळात ती आली नाही. दोन्ही निर्णयांचा लोकांच्या पिण्यावर काय परिणाम झाला, हे वरील तिन्ही आकड्यांवरून ठरविता येत नाही. विक्रीची नोंद सरकारी दुकानाकडे असते. पिणाऱ्याचे वय आणि त्याच्या घराची अवस्था त्या नोंदीत नसते.