सवडीचा जमाखर्च

पौष-माघातील थंडी मराठवाड्याला फारशी जाचत नाही. उलट वर्षातील एवढेच दिवस येथील माणसाला जरा स्वस्थ बसू देतात. शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली असते, विद्यापीठामागच्या डोंगरावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते, हिमायतबागेच्या झाडीत धुके रेंगाळते आणि कोवळ्या उन्हात बाकावर बसलेली सेवानिवृत्त मंडळी देशाच्या कारभाराचा निकाल चहाच्या दोन घोटांत लावून मोकळी होतात. छत्रपती संभाजीनगरातील हा हिवाळी देखावा जुनाच आहे. बदलले आहे ते एवढेच, की त्या बाकावरील प्रत्येकाच्या हातात आता एक चकाकणारी काच असते. गप्पा अर्ध्यावर राहतात, माना खाली जातात आणि ज्या सवडीसाठी माणूस घराबाहेर पडला ती सवड कोणीतरी भलताच खाऊन टाकतो.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. ज्या शहराने पाण्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे, त्याने फावल्या वेळाची चर्चा कशाला करावी, असेही कोणी विचारील. परंतु फावला वेळ ही केवळ सुखवस्तूंची चैन आहे, हा समजच मुळात तपासून पाहण्याजोगा आहे. आणि तो तपासण्यास या शहराइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

येथून अवघ्या काही कोसांवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव नृपती सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजा दक्षिणेत येऊन स्थिरावला. शार्ङ्गदेवाकडे काम होते ते राज्याच्या हिशेबाचे. आजच्या भाषेत सांगायचे तर तो लेखा खात्यातील वरिष्ठ अधिकारी होता. जमाखर्चाच्या वह्या सांभाळणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य यांचा असा साक्षेपी विचार त्यात आहे, की हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती आजही त्याला प्रमाण मानतात. कचेरीतील काम आणि कलेची साधना यांत वैर असते, असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते द्यावे? अर्थात शार्ङ्गदेवाला राजाश्रय होता, पोटाची विवंचना नव्हती, हे विसरता येत नाही. सवड आपोआप उगवत नाही; ती कोणीतरी द्यावी लागते किंवा कोणाकडून तरी मिळवावी लागते.

सामान्य कष्टकऱ्याला ती राजाकडून मिळाली नाही. तिच्यासाठी लढावे लागले. मुंबईच्या गिरण्यांत माणसे आठवड्याचे सातही दिवस राबत होती, त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना साप्ताहिक सुटी मान्य करावी लागली. आज रविवारी सकाळी जो शिक्षक वा लिपिक निवांतपणे वर्तमानपत्र उघडतो, त्याच्यावर लोखंड्यांचे ऋण आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला आणि १९४६ मध्ये कारखान्यांतील आठवड्याचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आले. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. या दोन कृतींमागील विचार एकच होता. राबणाऱ्याच्या घरातील मुलाला पुस्तक मिळाले पाहिजे आणि ते वाचण्यास वेळही मिळाला पाहिजे. वेळ नसेल तर पुस्तक कपाटातच राहते.

ही मिळकत आता निर्वेध राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तास काम करावे असे सुचविले, तेव्हा देशभर त्याची चेष्टा झाली आणि विषय मिटला असे वाटले. परंतु ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असा खुलासा शासनाने केला. कागदावर तो समाधानकारक आहे. प्रत्यक्षात वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कंत्राटी कामगार अशी संमती नाकारण्याच्या स्थितीत कितपत असतो, हे त्या वसाहतींतून पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कोणालाही विचारावे. बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचे दोन तास वजा केल्यावर दिवसात जे उरते त्याला सवड म्हणत नाहीत, झोप म्हणतात. आणि तीही अपुरी.

जो थोडा वेळ यातूनही हाती राहतो त्याचे काय होते, हा पुढला प्रश्न. येथे त्या चकाकत्या काचेला सरसकट दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. अशा तबकड्या एकेकाळी केवळ धनिकांच्या दिवाणखान्यात वा हौशी संग्राहकांच्या पेट्यांत होत्या. आज कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यातील एखादा शिक्षक रात्रीचे जेवण उरकल्यावर तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आवाज फुकट ऐकू शकतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोश आता विनामूल्य वाचावयास मिळतो. ज्या गावी ग्रंथालय नाही त्या गावातील विद्यार्थ्याला ही सोय म्हणजे केवढा आधार आहे, हे शहरातल्या माणसाला पटकन उमगणार नाही. आंतरजालावरचे हे घबाड खरे आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असले पाहिजे.

तथापि सापडणे आणि समोर टाकले जाणे यांत अंतर आहे. जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यातून हवे ते पुस्तक हाती लागते तेव्हा शोधणाऱ्याची नजर तयार झालेली असते. ते पुस्तक तो घरी नेतो, दोन मित्रांना दाखवितो. काचेवर मात्र एक गाणे पुरते ऐकून होण्याआधीच दुसरे पुढे सरकते, त्यामागे तिसरे, मग एखाद्या पुढाऱ्याची अर्ध्या मिनिटाची डरकाळी, मग तिला दिलेले तितकेच हिंस्र प्रत्युत्तर. ही रांग वाचकाच्या जिज्ञासेसाठी लावलेली नसते. जितका वेळ डोळे खिळून राहतील तितकी जाहिरातीची मिळकत, या हिशेबाने ती लावलेली असते. संताप हा डोळे खिळवून ठेवण्याचा स्वस्त उपाय असल्यामुळे राजकारणातील सर्वांत भडक तेवढेच त्या रांगेत पुढे येते. तासाभराने माणूस उठतो तेव्हा काय ऐकले, काय वाचले, हे त्याला सांगता येत नाही. जे दुसऱ्या दिवशी कोणाला सांगावेसे वाटत नाही, ते सापडलेच नव्हते असे समजण्यास हरकत नाही.

पूर्वीचे सारे सोन्याचे होते असे मुळीच नाही. १९५२ मध्ये सुरू झालेली रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ हीदेखील एका दंतमंजनाची जाहिरातच होती. परंतु बुधवारी रात्री आठ वाजता ती सुरू होई, ठरल्या वेळी संपे आणि गुरुवारी शाळेत, कचेरीत, बसथांब्यावर अमीन सयानी यांनी कोणते गाणे कोणत्या पायरीवर चढविले यावर वाद रंगत. ऐकणे सामायिक होते, म्हणून त्यावर बोलणेही सामायिक होते. आज एकाच घरातील चार माणसे चार कोपऱ्यांत चार निरनिराळी गाणी ऐकतात, आणि एकाने काय ऐकले ते दुसऱ्याच्या कानी जात नाही.

एकत्र बसून ऐकण्याची ही सवय टिकवावयाची तर त्याला जागा लागते. हिवाळा हा आपल्याकडे मैफलींचा ऋतू. पुण्यास १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. या शहरात महागामी गुरुकुलाच्या विद्यमाने जानेवारीत शार्ङ्गदेवाच्याच नावाने समारोह होतो, ही अभिमानाची बाब आहे. पंडित नाथराव नेरळकर यांनी येथे दीर्घकाळ अध्यापन करून शेकडो कानांना गाण्याची गोडी लावली. २०२१ मध्ये ते गेले. सोनेरी महालाच्या प्रांगणात भरणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव मात्र २०१६ नंतर खंडित झाला आणि तो पुन्हा भरण्यास २०२३ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. संत एकनाथ रंगमंदिरही दुरुस्तीपायी कित्येक वर्षे बंद राहिले, आणि त्या काळात नाटकवाल्यांची एक पिढी तालमीच्या जागा शोधत हिंडली. गावातील रंगमंदिराला कुलूप लागते तेव्हा प्रेक्षक घरी बसून काचेकडे वळतो, आणि एकदा वळलेला प्रेक्षक कुलूप उघडले म्हणून लगेच परत येत नाही.

मराठवाड्याच्या माणसाला एकत्र जमण्याचे मोल निराळे सांगावयास नको. निजामी राजवटीत गश्ती निशाण ५३ च्या जाचामुळे साध्या सभेलाही परवाना लागत असे. तशा दिवसांत शाळा, वाचनालये आणि साहित्य संस्था यांच्या आडोशाने येथील मने जागी राहिली. १९१५ ची सरस्वती भुवन संस्था, १९४३ मध्ये स्थापन झालेली मराठवाडा साहित्य परिषद, यांचे कार्य त्या संदर्भात पाहिले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्तता आली ती अशा माणसांच्या बळावर, ज्यांनी आपल्या फावल्या वेळाचे सार्वजनिक भांडवल केले होते.

आता या सगळ्याशी महापालिकेचा संबंध काय? तो फार निकटचा आहे. १९८२ मध्ये अस्तित्वात आलेल्या या महापालिकेची मागील मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे शहराचा कारभार प्रशासकांनी हाकला. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले. प्रचाराच्या त्या थंडीत ध्वनिक्षेपक पुष्कळ तापले. नावांवर, अस्मितांवर, कोणी कोणाचा पक्ष सोडला यावर बोलणे झाले. या शहरात नावांचे प्रश्न क्षुल्लक नाहीत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि त्याचा नामविस्तार १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी जे सोसले त्याची आठवण पुसणे शक्य नाही. शहराचे नावही २०२३ मध्ये बदलले. परंतु नावाखालचे गाव कसे जगते, हा प्रश्न नावाच्या निर्णयाने सुटत नाही. त्याची तड नगरसेवकाकडेच लावावी लागते.

सर्वांत आधी पाणी. पैठणचा नाथसागर साठ किलोमीटरांच्या आत असूनही या शहराने कित्येक वर्षे नळाची वाट दिवसेंदिवस पाहिली. १६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. पाण्याचा हा हिशेब सवडीच्या हिशेबातही मांडावा लागतो. नळ केव्हा येईल याचा नेम नसलेल्या घरात कोणीतरी सतत जागे असते आणि ते कोणीतरी बहुधा बाई असते. तिच्या वाट्याची दुपार, तिच्या वाट्याचे पुस्तक आणि गाणे त्या कोरड्या नळाने गिळलेले असते. म्हणून आधी पाणी की आधी वाचनालय, हा वाद फसवा आहे. पाणी वेळेवर येणे हीच शहरातील सर्वांत मोठी सांस्कृतिक सुधारणा ठरेल.

त्यापुढील मागणीही कायद्याबाहेरची नाही. महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात ऐच्छिक कर्तव्यांची यादी आहे. तीत उद्याने, वाचनालये यांच्याबरोबर सार्वजनिक ठिकाणी लोकांसाठी संगीताची सोय करणे हेही कर्तव्य सांगितलेले आहे. कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते राबविणाऱ्यांना सुचू नये, हे आश्चर्य. प्रत्येक प्रभागात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका, हौशी मंडळींना परवडेल असे नाट्यगृहाचे भाडे, महिन्यातून एका रविवारी सकाळी एखाद्या उद्यानात स्थानिक कलावंतांचे गायन, आणि या भागातील गवयांच्या घरोघरी पडून राहिलेल्या ध्वनिफितींचे जतन, एवढ्या चार गोष्टींस लागणारा पैसा कोणत्याही एका चौकाच्या सुशोभनात जिरून जातो. नव्या सभागृहाच्या पहिल्या अंदाजपत्रकात यांपैकी काय आले आणि काय वगळले, हे मतदारांनी निवांतपणे वाचावे. राजकारणात लक्ष घालण्याची ती खरी रीत आहे. अर्ध्या मिनिटाच्या डरकाळीवर अंगठा उमटविणे ही नव्हे.

नागरिकांचीही एक जबाबदारी उरते. सभागृह उघडे असून खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर उद्या ते बंद करण्याचा ठराव बिनविरोध संमत होईल. आठवड्यातून एक संध्याकाळ काच उपडी ठेवून शेजाऱ्यासह गाणे ऐकावयास जाणे, आंतरजालावर खरोखर काही अमोल सापडले तर ते वर्गात वा कचेरीतील डबा खाताना चौघांना ऐकविणे, यांस अनुदान लागत नाही. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार कोणाच्या हवाली करावयाचा, हे अद्याप तरी आपल्याच हाती आहे.

शार्ङ्गदेवाने सिंघणाच्या राज्याचे हिशेब नक्कीच चोख ठेवले असतील. त्या वह्या आज कोठेही नाहीत. कचेरीतील काम आटोपल्यावर त्याने जे लिहिले ते मात्र आठशे वर्षांनंतरही गवयांच्या उपयोगी पडते. देवगिरीच्या सावलीत राहणाऱ्यांनी आपल्या सवडीची किंमत ठरविताना एवढे ध्यानात ठेवावे.