पाहुणे परतीच्या वाटेवर



होळी झाली की कामाचा रेटा थोडा कमी होतो. बहुतेकांची ज्वारी घरात आलेली असते, हरभरा खळ्यावर असतो. अशा दिवसांत सकाळी परसात चूळ भरायला गेलात की पाच मिनिटे तिथेच उभे राहा. हिवाळाभर आपल्याकडे मुक्कामाला असलेली पाखरे आता परतीला लागतात, आणि जाताना ती सर्वांत देखणी दिसतात.

न्हाणीच्या सांडपाण्याजवळ शेपटी वरखाली करत पळणारा धोबी, म्हणजेच परीट, तुम्हाला ठाऊक आहेच. नांगरामागून किडे वेचत येतो तोच हा. थंडीत त्याचा गळा पांढरा असतो. फाल्गुन-चैत्रात बहुतेक नरांच्या गळ्यावर काळा रंग पसरतो. हा रंग चढला की हिमालयाकडे आणि त्याच्याही पलीकडे जायची तयारी झाली असे समजा. आंब्याच्या पानांत 'चिविट, चिविट' करणारा हिरवट वटवट्याही याच सुमारास निघतो. तो दिसणे कठीण, पण पानांमागचे बारीक किडे दिवसभर टिपत असतो.

आता तुमच्या शत्रूकडे वळतो. भोरड्या! हे नाव काढले की गोफण हातात येते, हे मी जाणतो. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर हा थवा उतरला तर कणसेच्या कणसे रिकामी होतात. तेव्हा माळ्यावर बसून डबे वाजवायलाच हवेत. सकाळ-संध्याकाळ राखण करावी, चकाकणाऱ्या फिती बांधाव्यात. त्यात दयामाया सांगायला मी आलेलो नाही.

पण एक चूक कबूल करतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीला, मी सोलापूर जिल्ह्यात होतो. एका शेतकऱ्याच्या मालदांडीवर भोरड्या पडत. त्या बांधावरच्या काटेसावरीवर बसत आणि तिथून रानात उतरत. मी नवा, पदवी ताजी. सांगितले, "झाड काढून टाका." त्याने सरकारी माणसाचा शब्द मानला आणि सावर तोडली. पुढल्या हंगामात थवा आला तो थेट ज्वारीवरच. त्याची म्हातारी आई मला म्हणाली, "सायेब, पाखरं काय गेली न्हाईत, माझी सावली तेवढी गेली." उशांना कापूस व्हायचा तोही गेला, हे तिने नंतर सांगितले. मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

आता मात्र ज्वारीचे भांडण मिटलेले आहे. म्हणून याच भोरड्या जरा निवांत बघा. पळस, पांगारा, काटेसावर यांपैकी एखादे झाड फुललेले असेल तर त्याखाली सकाळी थांबा. डोके, पंख आणि शेपूट काळी, बाकी अंग गुलाबी, डोक्यावर शेंडी. हिवाळ्यात हा गुलाबी रंग मळकट वाटतो, कारण पिसांची टोके फिकट असतात. ती झिजली की रंग उजळतो. फुलांतला मध पिताना यांच्या तोंडाला पराग लागतो आणि एका झाडाचा दुसऱ्याला पोचतो. पळसाला शेंगा धरतात त्यात पाखरांचा वाटा आहे. या पाखराला पळसमैना म्हणतात ते उगीच नव्हे.

एप्रिलअखेर त्या बहुतेक निघून जातात, थेट कझाकस्तान आणि त्या बाजूच्या माळरानांवर. तिथे दगडांच्या कपारीत हजारोंच्या वसाहती करतात, आणि त्याही जिथे टोळ भरपूर असतील तिथेच. पिले टोळांवरच वाढतात. मे 2020 मध्ये अमरावती-नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी टोळधाड पाहिली आहे. तिकडचे टोळ जातीने वेगळे, पण हिरव्या पानाची भूक तीच. चीनमधल्या शिंजियांग प्रांतात तर या पाखरांनी राहावे म्हणून मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. आपण ज्याला चोर म्हणतो, त्याला तिकडे राखणदार म्हणून बोलावतात!

चैत्रात ओढ्याला डबकी तेवढी उरतात. लांबच्या प्रवासाला निघालेले पाखरू तिथेच पाणी पिते, आणि तुमची गुरेही. म्हणून फवारणीचा पंप आणि बादली ओढ्यात धुऊ नका. परसात सावलीला एक उथळ मातीचे ताट ठेवा, मांजराला दबा धरता येणार नाही अशा उघड्या जागी. पाणी रोज बदला.

भगिनींनो, दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब मांडता, त्याच चौकटीत मुलांना लिहायला सांगा: धोबी शेवटचा कधी दिसला, भोरड्या कधी गेल्या. मग मे-जूनमध्ये येणाऱ्यांची नोंद धरा. देवराईत पहाटे दोन सुरांची शीळ ऐकू आली तर तो नवरंग. पावसाच्या तोंडाशी आफ्रिकेकडून येणारा काळा-पांढरा, शेंडीवाला चातक. तो आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. 'पेरते व्हा' म्हणणारा पावश्या मात्र परदेशातून येत नाही, तो इथलाच. उन्हाळ्यात कंठ फुटतो म्हणून आल्यासारखा वाटतो.

माझ्या परसातला धोबी हे लिहीपर्यंत गेलेला नाही. गळा पुरता काळा झाला आहे. सकाळी धुण्याच्या दगडाशी होता.