आधी खुराडं, मग पिल्लं

आठवडी बाजारात पिल्लांची पाटी दिसली की पोरं हट्ट धरतात. घ्या जरूर, पण खुराडं आधी बांधा. मुंगूस तुमच्या सवडीची वाट बघत नाही. रात्री आठवणीने दार लावणारं घरात कोण, हेही ठरवून टाका.

नवख्याने कडकनाथच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत. गिरिराज, वनराज बऱ्या. परसात चरतात, अंडीही गावठीपेक्षा जास्त. मात्र त्या खुडूक क्वचितच बसतात. उबवणीला गावठीच हवी. ती 21 दिवस दाणापाण्यापुरतीच उठते.

विकतच्या पिल्लांना आईची ऊब नसते, ती बल्बने द्यायची. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली, तर त्यांना थंडी वाजतेय. चोची उघड्या टाकून कडेला पळाली, तर बल्ब वर घ्या. थर्मामीटर नसला तरी चालतं.

मानमोडीची लस मात्र चुकवू नका. पहिल्या आठवड्यातच लासोटाचा थेंब डोळ्यात घालतात. कुपी बहुधा शंभरेक पिल्लांची येते आणि कालवल्यावर टिकत नाही. तेव्हा शेजारच्या आळीतली पिल्लंही त्याच सकाळी गोळा करा.